प्रमाणपत्र आधी की मदत आधी?

नागपुरातील एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा नोव्हेंबरचा, नुकतीच सहा वर्षे पूर्ण झालेली, इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत पहिलीत आहे. जुलैपासून शाळेने पालकांना तीनदा बोलावले. तो जागेवर बसत नाही, फळ्यावरचे उतरवून घेत नाही, मुलांना ढकलतो, अशा तक्रारी आहेत. तिसऱ्या भेटीत त्यांना सांगण्यात आले की एकतर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणा आणि स्वतःच्या खर्चाने शॅडो टीचर, म्हणजे वर्गात फक्त त्याच्याजवळ बसणारी मदतनीस, ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षासाठी दुसरी शाळा बघा. घरी सासूबाई म्हणतात, "काहून टेन्शन घेते, याचा बापही चार वर्षांचा होईस्तोवर नीट बोलत नव्हता." आईला विचारायचे आहे ते एवढेच, की हे प्रमाणपत्र नागपुरात कुठे आणि किती दिवसांत मिळते.

गेली २२ वर्षे मी विशेष शिक्षिका म्हणून काम करते आहे. सुरुवातीची काही वर्षे विशेष शाळेत, नंतर सर्व शिक्षा अभियानात फिरती शिक्षिका म्हणून आणि आता शहरातील खासगी शाळांमध्ये. या काळात हाच प्रश्न मला इतक्या पालकांनी विचारला आहे की उत्तराआधी मी त्यांना थांबवते. प्रमाणपत्र कुठे मिळते हे सांगणे सोपे आहे: सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, रुग्णालय निवडायचे आणि मेडिकल, मेयो ही इथली सरकारी रुग्णालये किंवा जे रुग्णालय ठरेल तिथल्या मंडळासमोर मुलाला न्यायचे. परंतु आपली खरी अडचण प्रमाणपत्र नसणे ही नाही. शाळेत दिवसाच्या नेमक्या कोणत्या वेळी, कोणत्या कामात मुलगा अडतो आणि त्या वेळी त्याला काय दिले तर तो पुढे जातो, हे आज कुणीच लिहून ठेवलेले नाही, ना शाळेने ना घरच्यांनी. हे लिहिलेले असेल तर प्रमाणपत्राविनाही मदत सुरू होते, आणि नसेल तर प्रमाणपत्र हाती येऊनही वर्गात काहीच बदलत नाही. फाइलमध्ये ७५ टक्के दिव्यांगत्वाचा कागद आणि वर्गात शेवटच्या बाकावर रिकामा बसलेला मुलगा, असे चित्र मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिले आहे.

मुलाला न पाहता निदानाबद्दल मी काहीही म्हणणार नाही, तसे कुणी म्हणत असेल तर त्यावरही विसंबू नये. पुढे जे सांगते आहे त्यातील बरेचसे मुलाच्या तपासणीत काय निघते आणि शाळेतील माणसे कशी आहेत यांवर अवलंबून राहील.

सर्वप्रथम जन्मतारीख. आपल्या राज्यात ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण होणाऱ्या मुलाला पहिलीत घेतात. म्हणजे आपला मुलगा वर्गातील सर्वांत लहान मुलांपैकी आहे, आणि त्याच्या शेजारी बसणारे जानेवारीत जन्मलेले मूल त्याच्यापेक्षा दहा महिन्यांनी मोठे असू शकते. सहा वर्षांच्या वयात दहा महिने म्हणजे आयुष्याचा सातवा हिस्सा. वर्गातील सर्वांत लहान मुलांवर अवधानदोषाचा (एडीएचडी) शिक्का अधिक प्रमाणात बसतो, हे अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे. याचा अर्थ मुलाला काहीच अडचण नाही असा नव्हे. मात्र "इतर मुले लिहितात आणि हा लिहीत नाही" एवढ्या वाक्यावर कुणी निष्कर्ष काढत असेल, तर "इतर" म्हणजे किती महिन्यांची मुले, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

त्यानंतर शरीर. कान आणि डोळे तपासल्याशिवाय वर्तनाबद्दल कोणतेही मत बनवू नये, हा माझा नियम आहे आणि तो मोडल्याचा पश्चात्ताप मला एकदा झालेला आहे. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठून राहिले तर मूल अधूनमधून कमी ऐकते. घरात जवळून बोललेले त्याला समजते आणि ४० मुलांच्या वर्गात मागच्या बाकावर नाही. अशा मुलाला "ऐकूनही न ऐकल्यासारखे करतो" असे म्हटले जाते. काही मुले दिवसातून अनेकदा काही सेकंद एकटक पाहत राहतात आणि मग काही घडलेच नाही अशा रीतीने कामाला लागतात. ते दिवास्वप्न नसून फिटचा एक प्रकार असू शकतो, आणि त्यासाठी बालरोगतज्ज्ञांना मोबाइलवर काढलेला छोटा व्हिडिओ दाखवणे फार उपयोगी पडते.

विदर्भात आणखी एक गोष्ट तपासावीच लागते, ती म्हणजे सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार. आपल्याकडे तो इतका आढळतो की मुलाची सोल्युबिलिटी चाचणी आणि गरज पडल्यास इलेक्ट्रोफोरेसिस झाले आहे का, हे मी पहिल्याच भेटीत विचारते. सिकलसेलग्रस्त मुलाला हात-पाय दुखण्याचे झटके येतात, तो वारंवार गैरहजर राहतो, लवकर थकतो, त्याला सारखे पाणी प्यावे आणि लघवीला जावे लागते. आणि शाळेत यालाच कामचुकारपणा म्हणतात. काही मुलांमध्ये बाहेरून अजिबात न दिसणारे मेंदूतील छोटे आघात होऊन त्यांचे लक्ष आणि शिकण्याचा वेग यांवर परिणाम होतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांमध्ये सिकलसेलचा समावेश आहे, हे अनेक मुख्याध्यापकांना अजूनही ठाऊक नसते. आपल्या मुलाबाबत हे नसेलही, पण एका साध्या रक्तचाचणीचा प्रश्न आहे.

या तपासण्या सुरू असतानाच दोन आठवडे एक वही ठेवावी. प्रत्येक प्रसंगाच्या तीन नोंदी पुरेशा आहेत: त्याआधी काय चालले होते, त्याने नेमके काय केले, आणि त्यानंतर मोठ्यांनी काय केले. "आज खूप त्रास दिला" ही नोंद नव्हे. "साडेनऊ वाजता फळ्यावरील पाच ओळी उतरवायला सांगितल्या, दीड ओळीनंतर पेन्सिल टाकून उठला, बाईंनी बाहेर उभे केले" ही नोंद झाली. वर्गशिक्षिकांनाही रोज एकच ओळ लिहिण्याची विनंती करावी. ४० मुले सांभाळणाऱ्या बाईंकडून त्याहून अधिक मागणे अन्यायाचे होईल, आणि तेवढी एक ओळ त्या सहसा आनंदाने लिहितात.

या वहीतून काय हाती लागते याचे एक उदाहरण देते. काही वर्षांपूर्वी एका शाळेने मला ढकलाढकली करणाऱ्या मुलासाठी बोलावले होते. तो मुलगा आक्रमक आहे, त्याला समुपदेशनाची गरज आहे, असे सर्वांचे ठाम मत होते. बारा दिवसांच्या नोंदी समोर ठेवल्या तेव्हा दिसले की ढकलण्याचे जवळजवळ सर्व प्रसंग रांगेत घडले होते: प्रार्थनेची रांग, स्वच्छतागृहाची रांग, ऑटोत बसण्याआधीची रांग. बाकावर बसलेला असताना त्याने कुणालाही हात लावला नव्हता. त्याला मागून होणारा अनपेक्षित स्पर्श सहन होत नव्हता. आम्ही त्याला रांगेत सर्वांत शेवटी उभे केले आणि वर्गाच्या वह्यांचा गठ्ठा धरायला दिला, म्हणजे मागे कुणी नाही आणि हातही मोकळे नाहीत. ढकलणे आठवडाभरात जवळपास थांबले. या उपायाला ना प्रमाणपत्र लागले, ना पैसा. अर्थात प्रत्येक वेळी इतके सोपे नसते, आणि त्या मुलाला लिहिण्यासाठी पुढे वर्षभर ऑक्युपेशनल थेरपी घ्यावी लागली, हेही सांगितले पाहिजे.

भाषेबद्दल थोडेसे. आपल्याकडे घरात वऱ्हाडी वळणाची मराठी, अंगणात आणि दुकानात हिंदी आणि शाळेत इंग्रजी असा प्रकार असतो. अशा मुलाची तपासणी केवळ इंग्रजीतून झाली तर ती त्याच्या आकलनाची न होता इंग्रजीची तपासणी होते. "घरी फक्त इंग्रजी बोला" हा शाळांचा आवडता सल्ला मानू नये. ज्या भाषेत आजी गोष्ट सांगते ती भाषा पक्की असेल तर दुसरी तिच्यावर उभी राहते.

आता प्रमाणपत्राकडे येऊ. इथे निदान काय होते यावर सर्व अवलंबून आहे. वाचन-लेखनाची विशिष्ट अध्ययन अक्षमता असेल, तर केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिचे प्रमाणपत्र वयाच्या आठ वर्षांआधी दिले जात नाही, आणि पुढे १४ व्या व १८ व्या वर्षी फेरतपासणी होते. सहा वर्षांच्या मुलासाठी शाळा हे प्रमाणपत्र मागत असेल, तर ती अस्तित्वातच नसलेला कागद मागत आहे. केवळ अवधानदोष आणि अतिचंचलता असेल, तर ती त्या २१ प्रकारांच्या यादीत स्वतंत्रपणे नाही. स्वमग्नता (ऑटिझम) असेल, तर ४० मुद्द्यांच्या भारतीय मापनपद्धतीने तिची तीव्रता ठरते आणि या वयातही प्रमाणपत्र मिळू शकते. बौद्धिक अक्षमतेबाबत बुद्ध्यंकासोबत मूल रोजच्या व्यवहारात किती स्वावलंबी आहे हेही पाहतात.

बुद्ध्यंकाबद्दल एक सावधगिरी. आपल्याकडे मुलांसाठी सर्रास वापरली जाणारी मालिन यांची चाचणी ही मूळची नागपूरचीच, डॉ. आर्थर मालिन यांनी ती गेल्या शतकाच्या साठच्या दशकात इथे तयार केली. मला तिचा अभिमान वाटतो, पण तिचे निकष तितकेच जुने आहेत, आणि ती सहा वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी आहे. आपला मुलगा त्या उंबरठ्यावर नुकताच पाऊल ठेवतो आहे. शिवाय जो मुलगा दहा मिनिटे बसत नाही त्याचा एका बैठकीत काढलेला आकडा किती खरा मानायचा, हे तपासणाऱ्यालाच विचारावे. चांगला मानसशास्त्रज्ञ अहवालात "मुलाचे सहकार्य अपुरे होते" असे स्वतःहून लिहितो.

प्रमाणपत्र निरुपयोगी आहे असे मला सुचवायचे नाही. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असेल तर पुढे परीक्षेतील सवलती आणि जुन्या करप्रणालीत पालकाला ७५,००० रुपयांची वजावट मिळते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुदिव्यांगत्व असेल, तर निरामय योजनेतून एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमासंरक्षणही मिळते आणि त्यात थेरपीही येते. निदान त्या दिशेने गेले तर ते जरूर काढावे. मात्र शाळेतील मदत त्यासाठी अडवून धरू देऊ नये.

शाळेला कायद्याने काय बंधनकारक आहे, हे माहीत असावे. पहिल्याच भेटीत ते टेबलावर आपटू नये. योगायोग असा की दोन वेगवेगळ्या कायद्यांतील कलम १६ इथे उपयोगी पडते. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. मुलगा सहा वर्षांचा झाल्यामुळे तो या कायद्याच्या कक्षेत आला आहे. शाळा अल्पसंख्याक दर्जाची असेल तर २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार हा कायदा तिला लागू होत नाही, म्हणून शाळेचा दर्जा आधी पाहून घ्यावा. दुसरे, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चे कलम १६. शासनाने अनुदान दिलेल्या किंवा मान्यता दिलेल्या संस्थांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा, गरजेनुसार वाजवी सोयी कराव्यात आणि अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखावी, असे त्यात म्हटले आहे. "आम्ही विनाअनुदानित आहोत" हे उत्तर त्यामुळे चालत नाही, कारण मान्यता प्रत्येक शाळेला असते. मात्र कलमाची भाषा शासनाने त्यासाठी प्रयत्न करावा अशी सौम्य आहे, त्यामुळे केवळ कलमाच्या आकड्याने शाळा हलेल अशी अपेक्षाही ठेवू नये.

केंद्राने २०२२ मध्ये प्राथमिक स्तरावर दर दहा विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण अधिसूचित केले. शाळा सीबीएसईची असेल, तर मंडळाच्या संलग्नतेच्या नियमांत विशेष शिक्षकाची नेमणूक आहेच. त्या शिक्षकाचे नाव विचारावे. आणि आपण स्वतः कुणाला नेमणार असाल किंवा थेरपी केंद्रात जाणार असाल, तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागावा. नागपुरात गेल्या काही वर्षांत प्रत्येक वस्तीत "चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटर" अशी पाटी लागली आहे, आणि पाटीमागचे सर्वजण शिकलेले असतीलच असे नाही.

शॅडो टीचरबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. सुरक्षिततेचा प्रश्न असेल, मूल वर्गातून पळून रस्त्यावर जात असेल, तर काही महिने जवळ माणूस हवाच. परंतु सहा वर्षांच्या मुलाला दिवसभर बाजूला बसलेली स्वतंत्र ताई मिळाली की वर्गशिक्षिका त्याच्याशी बोलणे थांबवते, मुले त्याच्याशी खेळणे थांबवतात, आणि तो स्वतः ताईकडे पाहिल्याशिवाय पेन्सिल उचलत नाही. ठेवायचीच असेल तर ती वर्गासाठी मदतनीस म्हणून ठेवावी, आणि कोणत्या महिन्यापासून तिचे तास कमी होतील हे नेमतानाच ठरवावे.

मग शाळेकडे मागायचे काय? वहीतून जे दिसेल ते, आणि एका वेळी तीनच गोष्टी. आपण लिहिलेल्या वर्णनावरून अंदाज करायचा तर पत्रात असे काही येऊ शकेल: मुलाला पुढच्या बाकावर, दारापासून आणि खिडकीपासून दूर बसवावे, फळ्यावरील पाच ओळींऐवजी दोन ओळी उतरवू द्याव्यात आणि उरलेले उत्तर तोंडी घ्यावे, दर वीस मिनिटांनी त्याला उठण्याचे अधिकृत काम द्यावे, फळा पुसणे, हजेरीपट कार्यालयात पोहोचवणे, असे काही. वर्गातील या तीन गोष्टींखेरीज शाळेने एनसीईआरटीची "प्रशस्त" ही पडताळणी सूची भरावी असे सुचवावे. तिचा पहिला भाग नियमित शिक्षिकेनेच भरायचा असतो. पत्र मुख्याध्यापिकांच्या नावे द्यावे आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. शेवटी सहा आठवड्यांनी पुन्हा भेटण्याची तारीख सुचवावी. "प्रमाणपत्र आणा, नाहीतर दुसरी शाळा बघा" हे म्हणणे लेखी द्यावे अशी नम्र विनंतीही त्याच पत्रात करावी. माझ्या अनुभवात असे पत्र शाळा जवळजवळ कधीच देत नाही, आणि त्यानंतर बोलण्याचा सूरही बदलतो.

अहवालांबाबत एक काळजी घ्यावी. मानसशास्त्रज्ञांचा पूर्ण अहवाल शाळेला देण्याची गरज नाही. शिफारशींचे पान पुरेसे आहे, आणि तेही झेरॉक्स. बुद्ध्यंकाचा आकडा एकदा शिक्षकदालनात पोहोचला की तो मुलाच्या नावाला चिकटतो.

इतके करूनही शाळेने दारच लावून घेतले तर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडे शिक्क्याच्या प्रतींसह अर्ज करता येतो, आणि त्यापुढे पुण्यातील दिव्यांग आयुक्तांकडेही. मी स्वतः फार थोड्या पालकांसोबत तिथवर गेले आहे. तक्रार जिंकूनही मुलाला त्याच वर्गात, त्याच माणसांबरोबर दिवसातले सहा तास काढायचे असतात, हे लक्षात ठेवून पाऊल उचलावे. कधी शाळा बदलणे हेच शहाणपणाचे ठरते. पण ते पालकांनी पाहून, विचार करून ठरवलेले असावे. शाळेने ढकलले म्हणून नव्हे.

सासूबाईंचे म्हणणे झटकून टाकू नये. वडील उशिरा बोलू लागले ही मौल्यवान माहिती आहे, बोलण्याच्या आणि वाचनाच्या अडचणी बरेचदा कुटुंबात चालत येतात, आणि तपासणीच्या वेळी प्रत्येक तज्ज्ञ हेच विचारेल. त्यांनाच सोबत नेले तर त्या जे सांगतील ते आपल्यालाही नवे असेल. फक्त "बाप सुधारला, हाही सुधारेल" या आशेवर दोन वर्षे घालवू नयेत, कारण बाप ज्या काळात पहिलीत होता त्या काळात पहिलीत इतके लिहावे लागत नव्हते.

वेळेचा हिशेब असा मांडता येईल. जानेवारीत कान, डोळे, रक्त आणि वही; फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पत्र; मार्चअखेर फेरभेट. विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून थेरपीसाठी सुटीचे दोन महिने सलग मिळतात. सकाळी आठच्या आतली वेळ मागून घ्यावी, मे महिन्यात दुपारी मुलाला बाहेर काढण्यात अर्थ नाही. दुसरीच्या नव्या वर्गशिक्षिकेसाठी शाळा उघडण्याच्या आठवड्यातच एक पानाचे टिपण द्यावे. त्यात अडचणी खालच्या भागात लिहाव्यात आणि अगदी वरच्या ओळीत त्याला काय येते, काय आवडते ते लिहावे. माझ्याकडच्या एका मुलाच्या टिपणात पहिली ओळ होती, "खापरीपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंतची मेट्रोची सर्व स्थानके क्रमाने सांगतो." त्या बाईंनी वर्गाच्या भिंतीवर ती स्थानके लावली आणि "आधीचे कोणते, नंतरचे कोणते" हा गणिताचा पाठ त्यालाच घ्यायला लावला.